दिवाळीच्या किल्ल्यावरची लढाई

मस्कतमध्ये दिवाळीचा किल्ला करणे तसे अवघड नाही. दगडांना इथे तोटा नाही, वादीच्या काठची माती मिळते, आणि गोणपाटावर मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवळही येते. अडचण असते ती मावळ्यांची. ते गावाहून आणावे लागतात, आणि बॅगेत चकलीच्या डब्याखाली प्रवास केलेल्या मावळ्यांपैकी निम्म्यांचे भाले वाटेतच मोडतात. इतके करून ते बिचारे चार दिवस नुसते उभे राहतात. आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी एकदा विचारले, "बाबा, आपण जिंकलो हे सगळेच सांगतात. पण कसे जिंकलो?" शूर होतो म्हणून, हे उत्तर त्याला पुरले नाही. खरे सांगायचे तर मलाही पुरले नाही.

त्याच सुमारास कचेरीतल्या एका इंग्रज सहकाऱ्याकडे मी छोट्या सैनिकांची युद्धे पाहिली. जेवणाच्या टेबलावर हिरवे कापड, त्यावर डोंगर, झाडे, आणि बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले शिपाई. हा पोरखेळ वाटला तरी त्याचे कूळ मोठे आहे. प्रशियाच्या राजापुढे राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली असा खेळ मांडला, त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो वापरला जाऊ लागला. पुढे एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून तो घराघरांतल्या दिवाणखान्यात आणला. आज दुकानात मिळणाऱ्या खेळांचे नियम शेकडो पानांचे असतात आणि नवखा माणूस तिथेच हाय खातो. पण गाभा चारच गोष्टींचा आहे, आणि तो आपल्या मातीच्या मावळ्यांवरही शिकता येतो.

पहिली गोष्ट म्हणजे चाल. बुद्धिबळासारखी घरे इथे नसतात; शिंप्याची टेप घेऊन अंतर मोजायचे. पायदळ एका डावात ६ इंच, घोडदळ १२ इंच. चढण, झाडी किंवा खडक असेल तर अंतर निम्मे. एकाने आपले सगळे शिपाई हलवायचे, गोळीबार आणि हातघाई उरकायची, मग दुसऱ्याची पाळी.

दुसरी गोष्ट मारा. प्रत्येक बंदूकधाऱ्यामागे एक फासा टाकायचा. शत्रू उघड्यावर असेल तर ५ किंवा ६ पडल्यास नेम लागला. म्हणजे सहा जणांनी बार काढले तर सरासरी दोन शत्रू पडतात. शत्रू खडकाआड असेल तर फक्त ६ चालतो. सरासरी एकच पडतो. एका दगडाने शत्रूची ताकद निम्मी केली! सह्याद्रीचे मोल काय, हे या फाशांनी मला दोन मिनिटांत शिकवले.

तिसरी गोष्ट धीर. तुकडीतले निम्मे शिपाई पडले की दोन फासे टाकायचे. बेरीज ७ किंवा कमी आली तर तुकडी टिकते, नाहीतर पळते. ३६ शक्यतांपैकी २१ वेळा ती टिकेल. सरदार ६ इंचांच्या आत असेल तर ८ सुद्धा चालतात, आणि २१ चे २६ होतात. सरदाराला पुढे ठेवावे की जपावे, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जिंकणे म्हणजे काय, हे आधी ठरवायचे. नवशिके इथे चुकतात. त्यांना वाटते, समोरचे सगळे मारायचे. आम्ही उंबरखिंड मांडली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाइस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी त्याला या खिंडीत अडवले. खानाबरोबर रायबाघन होती. अखेर खानाने शरणागती पत्करली, खंडणी भरली आणि वाट मिळवली. तेव्हा आमचा नियम असा: खानाच्या निम्म्या तुकड्या दहा डावांत टेबलाच्या पलीकडे गेल्या तर खान जिंकला, नाहीतर महाराज. दोन्ही बाजूंना उशांचे डोंगर, मधे एक वितीची वाट. खानाकडे ६० शिपाई, मावळे २०.

खान व्हायला अर्थातच कोणी तयार नव्हते. शेवटी चिरंजीव झाले. तिसऱ्या डावात त्यांची पुढची तुकडी खिळली, मागच्यांना पुढे जायला जागा नाही, आणि ६० पैकी लढू शकत होते जेमतेम आठ. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, माझी माणसे जास्त आहेत हाच माझा घोटाळा आहे." इतिहासाच्या पुस्तकातले 'गनिमी कावा' हे दोन शब्द त्याने पाठ केले होते, त्यांचा अर्थ त्याला खानाच्या खुर्चीत बसून कळला.

ओमानमध्ये तर या अभ्यासाला खरे किल्लेही हाताशी आहेत. १६५० मध्ये पोर्तुगीजांकडून मस्कत घेणाऱ्या इमाम सुलतान बिन सैफने निझवाचा प्रचंड गोल बुरूज बांधला. म्हणजे हा महाराजांचाच समकालीन. बुरुजाच्या अरुंद, वळत्या जिन्यात दारामागून दारे आहेत आणि वरून उकळता खजुराचा पाक ओतायची भोके. आमच्या नियमांत सांगायचे तर चाल निम्मी आणि मारा दुप्पट! नखलचा किल्ला तर खडकाच्या अंगानेच वाकत गेला आहे. आता आम्ही किल्ला पाहायला गेलो की मुले आधी विचारतात, हल्ला कुठून करायचा?

आपली मुले बारावीनंतर इथून जातात. कोणी पुण्याला, कोणी आणखी दूर. सोबत काय नेतील ते आपल्या हातात फारसे नसते. विजयाचा नुसता अभिमान वाटेत सहज मोडतो, भाल्यांसारखा. समोरच्याच्या जागी बसून विचार करण्याची सवय मात्र टिकते. तेव्हा यंदा किल्ला झाला की एक टेप आणि दोन फासे काढून ठेवा. मोडक्या भाल्याचे मावळेही चालतात; नियमांत त्याला मनाई नाही.