अबोला धरतो कोण?

समजा, रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ हापूसची बाग असलेलं एक घर आहे. मुंबईची नोकरी सोडून मुलगा परत आलाय आणि दोन महिने बापलेकात अबोला आहे. आई म्हणते, "पोरगा आळशी झालाय." वडील म्हणतात, "मुंबईने बिघडवला." मुलगा म्हणतो, "इथे मला कुणी विचारतच नाही." धाकटी बहीण गप्प.

रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्यामुळे मनाचा इलाज म्हणजे एकाला दाखवून आणायचं, अशीच आपली समजूत. कुटुंबोपचारात मात्र अख्खं घर समोर बसतं. त्यातलं कोण खरं बोलतंय, हे थेरपिस्ट ठरवत नाही. ही दृष्टी रचनावादाची. माणूस जग जसंच्या तसं टिपत नाही, तर अनुभवातून त्याचा अर्थ रचतो. पियाजेने हे मुलांच्या शिकण्याबद्दल मांडलं, अर्न्स्ट फॉन ग्लासर्सफेल्डने आणखी पुढे नेलं. घरातली चारही माणसं आपापल्या अर्थाप्रमाणे वागत असतात, आणि गुंता तिथेच होतो.

तो सोडवायला प्रश्न कसे विचारावेत, हे मिलानच्या मारा सेल्विनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एका लेखात मांडलं. थेरपिस्ट मुलाला "का बोलत नाहीस?" असं विचारत नाही. तो बहिणीकडे वळतो.

"बाबा पडवीत जाऊन बसले की आई काय करते?"

"दादाला खोलीत चहा नेऊन देते."

"मग बाबा?"

"म्हणतात, लाडावून ठेवलाय."

"ते ऐकून दादा?"

"दार लावून घेतो."

"आणि आई?"

"परत चहा."

आपला चहाही या फेऱ्यात आहे, हे आईला पहिल्यांदाच दिसतं. कुणी तिला दोष दिलेला नसतो, म्हणून ते तिला ऐकवतं. मला ही रीत सगळ्यात मोलाची वाटते.

नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथे १९८५ साली टॉम अँडरसनने तर काचेआड बसून सत्र बघणाऱ्या तज्ज्ञांची चर्चाच कुटुंबाला ऐकवली.

मारहाण मात्र 'ज्याची त्याची बाजू' नव्हे. तिथे आधी मार खाणाऱ्याची सुरक्षितता. भास-भ्रम असतील तर औषधंही लागतात. नुसत्या बोलण्यावर भागत नाही.

मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० च्या पुस्तकात माणूस आणि अडचण वेगळी करून बोलण्याची पद्धत मांडली. मराठीत ती सहज बसते. आपण अबोला 'धरतो' आणि 'सोडतो', म्हणजे तो काही आपला स्वभाव नसतो. म्हणून थेरपिस्ट विचारतो, "हा अबोला कधी सुटतो का?"

वडील बराच वेळ विचार करतात. "आंबे काढताना. हा झाडावर असतो, मी खाली. 'बाबा, धरा' म्हणावंच लागतं त्याला."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"सांभाळून उतर म्हणतो."

मुलगा मान वर करून त्यांच्याकडे बघतो.