अंगठा उठत नाही

गेल्या महिन्यात सोलापूरच्या पूर्वभागातल्या रेशन दुकानात एका अक्कांचा अंगठा मशीनवर उठेना. रांगेनं लगेच विडीवर खापर फोडलं. विडी वळून बोटं गुळगुळीत होतात, खरंच. पण अक्का केमोच्या गोळ्यांवर आहेत. कॅपेसिटाबिननं तळव्यांची कातडी सोलवटते, कधी ठसेही पुसतात. हे दुकानदाराला कोण सांगणार?

या गोळीचं मूळ 1957चं. अमेरिकेत हायडलबर्गर यांनी युरॅसिलला फ्लोरिन जोडून फ्लोरोयुरॅसिल आणलं. पुढची चाळीस वर्षं म्हणजे सलाईन आणि उलट्या. 1998 साली अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली आणि नंतरच्या दशकात ती आमच्या गल्लीत आली.

त्या दशकात आम्ही हरखलो होतो. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणावर गोळ्या, मग आठवडा सुट्टी, असं एक चक्र. खाट नको, मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन नको. बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतच केमो घ्यायच्या. मग तळवे लाल व्हायचे, भेगांत तंबाखू झोंबायची, विड्या बिघडायच्या आणि कारखान्यात छाट निघायची. मजुरी कापली जायची ती वेगळीच.

गोळी मुळात विषारी नाही. यकृतात ती रूप बदलते. शेवटची पायरी घडवणारं एन्झाइम गाठीत जास्त असतं, म्हणून फ्लोरोयुरॅसिल तिथं अधिक तयार होतं. पेशी त्याला आपलंच युरॅसिल समजून साखर नि फॉस्फेट जोडते. तो रेणू थायमिनची वाट अडवतो, डीएनए अडतो, वाढती पेशी मरते. स्वतःचं विष ती स्वतःच कालवते. तोंडातल्या, आतड्यातल्या भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशीही यातून सुटत नाहीत. ऐंशी टक्क्यांहून अधिक औषध डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, म्हणून माणूस तगतो. काहींमध्ये हे एन्झाइम जन्मतःच लुळं असतं.

आमच्या शेजारणीचं बहुधा तसंच असावं. तोंडभर फोड, थांबता थांबेनात असे जुलाब. पहिलं चक्रही पुरं झालं नाही. 'प्रकृतीच नाजूक होती,' असं डॉक्टरांनी ऐकवलं. तो माणूस दोन वेळच्या कामाला न थकणाऱ्या बाईबद्दल बोलत होता!

युरोपच्या औषध नियामकानं 2020 साली उपचाराआधी डीपीडी तपासण्याची शिफारस केली. अक्कांच्या फायलीत हिमोग्लोबिनपासून सोनोग्राफीपर्यंत सगळं आहे, हा एक कागद नाही. गोळ्या सुरू होण्याआधी मुलानं विचारलं होतं. उत्तर मिळालं, 'पहिल्या चक्रात कळेलच की.'