निवटीने मिळवून दिलेला गुण

'मासा पाण्याबाहेर जगू शकत नाही.' चूक की बरोबर?

हाच प्रश्न मी चाचणीत घातला होता. कोळीवाड्यातल्या एका मुलाने 'चूक' लिहिलं आणि मी त्याचा गुण कापला. तो पेपर घेऊन आला नि म्हणाला, "गुरुजी, मग निवटी कशी चालते चिखलात?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी तो मला खाडीवर घेऊन गेला. तिवरांच्या मुळांशी, मऊ चिखलावर बोटाएवढे तपकिरी जीव टुणटुण उड्या मारत होते. डोळे तर थेट डोक्यावर! मला वाटलं, बेडूकच!

पण नाही हं! निवटीला कल्ले आहेत, पर आहेत, खवले आहेत. म्हणजे ती मासाच. गोबी माशांच्या मोठ्या गणातली. या गणात दोन हजारांहून जास्त जाती, आणि बहुतेक चिमुकल्या! बऱ्याच गोबींची एक खूण सांगतो. पोटाकडचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली असते. तिचा उपयोग दगडाला चिकटून राहायला होतो. पूर्वी निवट्या 'गोबिडी' कुळात मोडत. डीएनए तपासल्यावर शास्त्रज्ञांनी त्यांना 'ऑक्झुडर्सिडी' कुळात बसवलं.

निवटी चालते कशी? छातीजवळचे पर हातांसारखे टेकवून ती अंग पुढे ढकलते. आणि श्वास? कल्ल्यांजवळच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते, शिवाय ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेते. म्हणून तर ती मधूनमधून डबक्यात लोळते! कातडी सुकली, की संपलंच.

आता कळलं ना, खाडीत भराव टाकला, तिवरं तोडली, की निवटीचं काय होतं? ओला चिखल हेच तिचं अंगण, तिथल्या बिळातच तिचं घर. तो गेला, तर तिने जायचं कुठे?

तुमच्या जवळपास खाडी असेल, तर ओहोटीला मोठ्या माणसांबरोबर जा. दगड मारू नका, काठावर गप्प उभे राहा. आधी सगळ्या बिळात पळतील. मग हळूच दोन डोळे वर येतील!

आणि हो, त्या मुलाचा गुण मी परत दिला. वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक गुरुजींची होती."