इंग्रजांच्या आधीचे ख्रिस्ती आणि ज्यू

कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चचा विषय निघाला की ‘इंग्रजांनी आणलेला धर्म’ असे सहज बोलले जाते. ज्यांच्या नावाचे हे चर्च आहे ते मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर इंग्रज नव्हते, अमेरिकन होते; १८५२ साली ते कोल्हापूर संस्थानात आले. कोणी म्हणेल, छत्र तर कंपनी सरकारचेच ना? होते. १८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर दरबारावर इंग्रज अधिकाऱ्याची हुकमत होती. पण म्हणून कंपनी आणि मिशन एकच ठरत नाहीत. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला फर्मावले होते.

मुळात मराठी मुलखाला या धर्माची ओळख वायल्डर येण्यापूर्वी तेराशे वर्षे झालेली होती. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की कल्याणला बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ते तिथल्या ख्रिस्ती कुटुंबाकडेच उतरले होते. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पोर्तुगीजांना वसई मिळायला अजून दोनशे वर्षे होती. ज्यूंचेही तसेच. बेने इस्राएल कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, नवगावकर, किहीमकर ही त्यांची आडनावे रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून आली आहेत. १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर त्यांच्यातलेच.

मात्र उलट टोकही टाळले पाहिजे. नवगावजवळ गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएलांची परंपरागत कथा आहे. तिला दोन हजार वर्षांपूर्वीची पक्की तारीख चिकटवायला लेखी पुरावा नाही. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती इथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तिच्यावरून रोमन व्यापाराचा माल पंचगंगेकाठी पोचत होता एवढेच कळते. समुद्राच्या ग्रीक देवावरून इथे प्राचीन ख्रिस्ती वस्ती होती असे म्हणता येत नाही. कल्याणच्या त्या जुन्या ख्रिस्ती समाजाशी आजच्या कोल्हापूरच्या मंडळींचा वंशसंबंध जोडायलाही आधार नाही. इथला ख्रिस्ती समाज प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातल्या मिशनमधूनच उभा राहिला. शाळेत स्थानिक इतिहास शिकवणाऱ्यांनी १८५२ बरोबर कल्याण, ठाणे आणि नवगावही मुलांना नकाशावर दाखवावीत.