मऊ कवचाची अंडी : कारणे, ओळख व उपाय

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांस नेहमी भेडसावणारी एक अडचण म्हणजे मऊ कवचाची अंडी. खुराड्यात टणक अंड्याऐवजी नुसत्या पापुद्र्यात गुंडाळलेले, बोटाने दाबताच दबणारे अंडे सापडते. अशा अंड्यास गिऱ्हाईक मिळत नाही, ते टिकत नाही व उबवणीसही चालत नाही. अंडी विकून घरच्या गृहिणीच्या हाती जे चार पैसे येतात, त्यांत त्यामुळे तूट येते. शिवाय ‘कोंबडी बिघडली’ असे समजून पुष्कळदा चांगली अंडी देणारी कोंबडी विकली वा कापली जाते. वस्तुतः दोष बहुधा कोंबडीत नसून तिच्या आहारात व निगेत असतो. कारण न शोधता कोंबडी काढून टाकणे म्हणजे नुकसानीत भर घालणेच होय.

कवच कसे बनते?

एक अंडे तयार होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी १८ ते २० तास केवळ कवच चढण्यात जातात, आणि हे काम बरेचसे रात्री, कोंबडी खुराड्यात विसावलेली असताना चालते. कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीत असते त्याच द्रव्याचा असतो. ४५ ग्रॅम वजनाच्या अंड्याच्या कवचात कॅल्शियम सुमारे पावणेदोन ग्रॅम भरते.

आता कोंबडीस मिळते किती ते पाहू. ५० ग्रॅम ज्वारीतून तिला जेमतेम १२ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणजे गरजेचा शंभरावा हिस्सादेखील नाही. तांदळाच्या कणीत तर ते त्याहूनही कमी असते. उरलेली गरज ती उकिरड्यावर व बांधावर चरताना गोगलगायी, किडे, हिरवा पाला व चुनखडीचे बारीक खडे टिपून भागविते. तेही न मिळाल्यास ती आपल्या हाडांतील कॅल्शियम काढून कवचास पुरविते. त्यामुळे काही काळ अंडी चांगली दिसतात. पुढे कवच पातळ होते, अंडी सहज तडकतात आणि अखेर बिनकवचाची अंडी पडू लागतात. हीच स्थिती लांबली तर कोंबडीचे पाय लुळे पडून ती बसून राहते. यास्तव पातळ कवच दिसताच सावध व्हावे.

मोकळी चरणारी देशी कोंबडी वर्षास साधारणतः ६० ते ८० अंडी देते. तिच्यात हा दोष क्वचितच आढळतो. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्या याहून बरीच जास्त अंडी देतात व तितके अधिक कॅल्शियम मागतात. तसेच पेरणीनंतर कोवळी रोपे उकरू नयेत म्हणून कोंबड्या कोंडून नुसत्या दाण्यावर ठेवल्यास त्यांचे चरणे थांबते व ऊनही मिळत नाही. अंगावर ऊन पडल्याने शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही.

कारण कसे ओळखावे?

(१) एकाच कोंबडीचे अंडे मऊ असेल तर तिचे वय पाहावे. नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेची पहिली काही अंडी अशी निघतात व पुढे आपोआप सुधारतात. वयस्क कोंबडीचे कवच पातळ होत जाते.

(२) एखाददुसरेच अंडे असे निघाले तर रात्री मुंगूस, मांजर वा कुत्रे यांचा त्रास झाला काय, फटाके वाजले काय, याची चौकशी करावी. घाबरलेली कोंबडी कवच पुरे होण्यापूर्वीच अंडे टाकते.

(३) दोष अनेक कोंबड्यांत हळूहळू वाढत गेला असेल तर आहारातील उणीव समजावी.

(४) दोष कडक उन्हाळ्यातच दिसत असेल तर ते उष्म्याचे फळ होय. कोंबडीस घाम येत नाही. ती धापा टाकते. त्यायोगे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन कवचास लागणारे द्रव्य अपुरे पडते. शिवाय ती खातेही कमी.

(५) अंडी एकाएकी घटली, अनेक अंडी मऊ वा वेडीवाकडी निघू लागली आणि सोबत धाप, हिरवी हगवण, मान वाकडी होणे किंवा मरतूक दिसली तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची शंका घ्यावी. अशा वेळी शिंपल्यांच्या चुऱ्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. आजारी पक्षी वेगळे करावेत, कोंबड्या व अंडी यांची विक्री थांबवावी आणि त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

उपाय

शिंपले किंवा चुनखडी कुटून ज्वारीच्या दाण्याएवढा भरड चुरा करावा. अगदी बारीक पूड लवकर पुढे सरकते. भरड कण पोटात सावकाश विरघळून रात्रभर उपयोगी पडतात. अंड्यावरील प्रत्येक कोंबडीमागे दररोज सुमारे ५ ग्रॅम चुरा लागतो. पाच कोंबड्यांस महिन्याला पाऊण किलो पुरे होतो. तो वेगळ्या परळात, विशेषतः दुपारनंतर, ठेवावा. कोंबडी गरजेपुरता टिपते. पिलांच्या व वाढत्या तलंगांच्या खाद्यात मात्र तो मिसळू नये. अतिरिक्त कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो.

घरातील अंड्यांची टरफले तव्यावर चांगली भाजून, कुटून दिली तरी चालतात. ती अख्खी टाकल्यास कोंबड्यांस अंडी फोडून खाण्याची खोड लागते. कळीचा चुना वा पानात खाण्याचा चुना देऊ नये. तो दाहक असतो. वाळू व साधे खडे दाणे दळण्यास मदत करतात, पण त्यांतून कवचास काही मिळत नाही.

कोंबड्यांस रोज काही वेळ उन्हात सोडावे, हिरवा पाला द्यावा. उन्हाळ्यात सावली व थंड पाणी ठेवून खाद्य पहाटे व सायंकाळी घालावे. खुराड्याचे दार रात्री पक्के लावावे. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात व पुन्हा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरल्या वेळी देऊन घ्यावी.

मऊ अंडे खुराड्यात पडू देऊ नये. ते लगेच उचलावे. साठवू वा विकू नये. रोगाची शंका असल्यास ते खोल पुरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी तक्रार येताच प्रथम ‘किती कोंबड्या, किती दिवसांपासून, खाद्य काय’ हे तीन प्रश्न विचारावेत. रोगाची लक्षणे नसतील तर घरधनिणीस शिंपल्यांचा चुरा दोन आठवडे नियमाने ठेवण्यास सांगावे व स्वतः पुन्हा जाऊन अंडी पाहावीत. मूठभर शिंपल्यांनी जी कोंबडी वाचू शकते, तिला सुरीखाली जाऊ देऊ नये.