पुराच्या पाण्यात तार पडते तेव्हा

वाघोटण नदी चढली की खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरते. दुकानदार माल माळ्यावर चढवतात. भिंतीतले प्लग मात्र जिथल्या तिथे राहतात. धोका तिथेच असतो.

वीज समजून घ्यायला खारेपाटणची खाडी पुरते. ओहोटीला पाणी विजयदुर्गकडे धावते, कारण इथली पातळी वर आणि समुद्राची खाली. भरतीला हा फरक घटतो, आणि पाणी भरपूर असूनही ओढ मंदावते. विजेच्या पातळीतला असा फरक म्हणजे विभवांतर. ते व्होल्टमध्ये मोजतात. त्यामुळे जे वाहते तो विद्युतप्रवाह, तो अँपिअरमध्ये. एकाच तारेवर बसलेल्या कावळ्याचे दोन्ही पाय जवळजवळ एकाच पातळीवर असतात, म्हणून त्याला काही होत नाही.

ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचे तसे नाही. घरातली वीज 230 व्होल्टची. कोरडी त्वचा प्रवाहाला बराच अडथळा करते. भिजलेल्या शरीराचा रोध मात्र साधारण 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो. भागाकार केला की प्रवाह निघतो 230 मिलिअँपिअर. सुमारे 10 मिलिअँपिअरला पकडलेली वस्तू हातातून सुटेनाशी होते, 50 ते 100 ला हृदयाची लय बिघडू शकते.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे समाधान इथे कामाचे नाही. 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. तो तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण पावसाळ्याआधी दाबून पाहावे. बहुतेक घरांत ते वर्षानुवर्षे कोणी दाबलेले नसते.

वादळात तार तुटून जमिनीवर पडली तर तारेजवळ विभव जास्त, दूर कमी. लांब ढांग टाकली की दोन पायांमध्येच विभवांतर येते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे आणि मध्ये हृदय, म्हणून तीच आधी दगावतात. अशा वेळी पाय जमिनीवरून न उचलता, एकमेकांना चिकटवून इंचाइंचाने सरकत दूर व्हावे. किमान दहा मीटर अंतर ठेवून 1912 वर महावितरणला कळवावे.

घरात कोणाला शॉक बसला तर आधी मेन स्विच. तोवर त्या माणसाला हात लावू नये. वीज बंद झाल्यावर श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि 112 ला फोन लावावा.

पूर ओसरल्यावर घाई होते ती पंप लावून चिखल काढण्याची. बुडालेले बोर्ड वायरमनने तपासेपर्यंत मेन स्विच खालीच राहू द्यावा.