पहाटेची दुचाकी आणि चार हातांचा रस्ता

व्यापाऱ्याचा दिवस दुकानाच्या कुलपापाशी सुरू होतो आणि त्याच कुलपापाशी संपतो. सकाळी गादीवर बसलेला माणूस रात्री उठेपर्यंत त्याचा वेळ गिऱ्हाइकाचा, आडत्याचा, हमालाचा आणि उधारी मागायला व फेडायला येणाऱ्यांचा असतो. घरी परतल्यावर तो वेळ मुलांचा आणि वडीलधाऱ्यांचा होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरांत तर संध्याकाळचा डबाही दुकानातच, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत उघडावा लागतो. अशा दिवसात स्वतःचा म्हणावा असा एकच तास शिल्लक राहतो, तो सकाळचा पहिला तास. कोणी तो सामायिकात घालवतात, कोणी चालायला जातात. आणि सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील आपल्या समाजात असेही पुष्कळ जण आहेत, जे मोटारसायकल बाहेर काढतात, वीस-तीस किलोमीटरवरच्या मंदिरात दर्शन घेतात आणि दुकानाचे शटर वर जाण्याच्या आत परततात.

दर्शनाविषयी आपण बोलतो, लिहितो. वाटेतल्या त्या तासाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्यात एक शांत सुख आहे, हे अनेकांना ठाऊक असते. पण गाडी चालवण्यात सुख मानणे हे प्रौढ श्रावकाला शोभेल का, या संकोचाने ते मनातच राहते. या लेखात त्या सुखाविषयी बोलू आणि त्या संकोचाचाही विचार करू.

पेढी आणि दुचाकी

आपल्या व्यापारी घरांचे दुचाकीशी नाते हौसेतून जुळले नाही, गरजेतून जुळले. आठवडे बाजाराच्या गावी माल पोहोचवायचा, खेड्यातली वसुली करायची, बाजार समितीतल्या सौद्याला वेळेवर हजर राहायचे, तर एसटीच्या वेळापत्रकावर विसंबून चालत नसे. तेव्हाच्या अहमदनगरचे फिरोदिया घराणे आपल्याच समाजातले. त्यातील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. याच घराण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये लूना बाजारात आणली. वजनाला हलकी, पेट्रोलला काटकसरी आणि अडल्यास पायडल मारून घरी नेता येणारी ही गाडी छोट्या दुकानदाराच्या खिशाला परवडली. तिच्या पायापाशी कापडाचे गठ्ठे, मागे तेलाचे डबे आणि हँडलला पिशव्या, अशी दृश्ये जुन्या वाचकांना आठवत असतील.

मोटारसायकल म्हणजे तेव्हा राजदूत, जावा किंवा येझदी. यांची इंजिने टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालायचे आणि सुरू केल्यावर गल्लीभर निळसर धूर व्हायचा. पहाटे पाच वाजता ती सुरू करणे म्हणजे शेजाऱ्यांना उठवणे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन सामान्य घरात पोहोचले. आवाज मऊ झाला, धूर कमी झाला, पेट्रोलचा खर्चही उतरला. पहाटेचा प्रवास शांत होण्यामागे या यांत्रिक बदलाचा मोठा वाटा आहे. गाडीचा आवाज खाली आला तेव्हा चालवणाऱ्याला वाटेवरचे इतर आवाज ऐकू येऊ लागले.

सांगली ते बाहुबली

उदाहरणादाखल सांगलीहून कुंभोजच्या बाहुबली क्षेत्राकडे जाणारी वाट घेऊ. दिवस मार्गशीर्ष-पौषाचे. अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडताना पाणी दिसत नाही. नदीच्या पात्रावर धुक्याची पांढरी पट्टी तेवढी दिसते. पुलाच्या अलीकडेच हवा एकदम बोचरी होते आणि पलीकडे चढ लागला की पुन्हा सौम्य होते. थंड हवा जड असते. रात्रभर ती उतारावरून घरंगळत नदीनाल्यांच्या खोलगट भागात साचून राहते. मोटारीच्या बंद काचेआडून हा फरक कधीच कळत नाही. दुचाकीवरच्या माणसाला मात्र प्रत्येक ओढा, प्रत्येक चढ गुडघ्यांवर आणि बोटांवर वाचता येतो. वर्षभर याच वाटेने जाणारा माणूस डोळे न वळवताही सांगू शकेल की आता ओढा आला.

वासांचेही तसेच. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची किंचित उबदार असते, त्यामुळे धूर व गंध वर न जाता जमिनीलगतच रेंगाळतात. उदगाव मागे पडते, जयसिंगपूर लागते. राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेली ही पेठ त्या वेळी अजून झोपेत असते. एखादा चहावाला तेवढा स्टोव्ह पेटवत असतो. गावाबाहेर पडले की ओल्या मातीचा, पाणी सोडलेल्या उसाचा आणि मध्येच एखाद्या गुऱ्हाळावरून उकळत्या रसाचा वास येतो. दूध संघाकडे निघालेले किटल्या अडकवलेले मोटारसायकलवाले समोरून येतात आणि ओळख नसताना मान हलवतात. दिवसा याच रस्त्यावर कोणी कोणाकडे पाहत नाही.

हातकणंगल्यानंतर नेजच्या बाजूला वळले की बाहुबलीचा डोंगर दिसू लागतो. येथे समंतभद्र महाराजांनी बाहुबली ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. 1963 मध्ये येथे भगवान बाहुबलींची 28 फूट उंचीची संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठित झाली. शेजारचे कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. गाडी बंद केल्यावर कानात काही क्षण जी शांतता भरते, तिच्यात कायोत्सर्गात उभ्या असलेल्या त्या मूर्तीसमोर जाणे हा अनुभव वेगळा असतो. वेगाने आलेला माणूस अचल रूपापुढे उभा राहतो. ज्यांना नवकारसीचा नियम आहे, त्यांच्या सूर्योदयानंतरच्या 48 मिनिटांतली बरीचशी या दर्शनात आणि परतीच्या वाटेत निघून जातात.

हे सुख निष्प्रयोजन आहे का?

आता त्या संकोचाकडे वळू. श्रावकाच्या बारा व्रतांत प्रवासाचा विचार आपल्या आचार्यांनी फार बारकाईने केला आहे. दिग्व्रतात दाही दिशांना जाण्याची मर्यादा आखून घ्यायची असते. देशव्रतात तीच मर्यादा काही काळापुरती आणखी आवळायची असते. अनर्थदंडव्रत हे प्रयोजनाशिवाय घडणाऱ्या हिंसेचा त्याग सांगते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात प्रमादचर्येचे वर्णन करताना विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे यांबरोबर विनाकारण भटकणे आणि इतरांना भटकायला लावणे यांचाही उल्लेख येतो. मोटारसायकल तर अग्नीवरच चालते. मग केवळ मजेखातर पेट्रोल जाळत पन्नास किलोमीटर फिरून येणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

उत्तर प्रयोजनात आहे. दर्शनाला, साधू-साध्वींच्या व्याख्यानाला, आजारी आप्ताला भेटायला किंवा बाजाराच्या कामाला जो जातो, त्याला वाटेत मिळणारे सुख हे प्रवासाचे कारण नसते; ते प्रवासात सापडलेले असते. जाणे तर होणारच होते. ते घाईने, चिडून, हॉर्न वाजवत करायचे की जागरूकपणे करायचे, एवढीच निवड हाती असते. सुखासाठी अंतर वाढवत नेणे आणि ठरलेल्या अंतरात सुख पाहणे, या दोहोंत व्रताच्या दृष्टीने मोठा फरक आहे. अनेक घरांत रोजच्या चौदा नियमांमध्ये वाहनाची मर्यादाही धरतात: आज एकच वाहन, आज एवढेच अंतर. अशी मर्यादा घालून निघालेल्या माणसाला वाट अधिक दिसते, कारण पुढे आणखी कुठे जायचे, हा विचार त्याने घरीच ठेवलेला असतो.

चार हातांचा हिशेब

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेल्या पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. साधूने उजेडात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत, जीवजंतूंना जपत चालावे, असा तिचा अर्थ. ही समिती साधूंची आहे; पण गृहस्थाने तिच्यातून शिकू नये, असे कोठेही म्हटलेले नाही.

व्यापाऱ्याला हिशेबाची भाषा कळते, म्हणून हिशेबच मांडू. एक हात म्हणजे दीड फूट. चार हात म्हणजे सहा फूट, सुमारे पावणेदोन मीटर. सावकाश चालणारा माणूस हे अंतर साधारण दीड सेकंदात ओलांडतो. म्हणजे पुढे काय आहे हे पाहून पाऊल थांबवायला त्याला दीड सेकंद मिळतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल तेवढ्या वेळात 16 ते 17 मीटर जाते. शिवाय पाऊल जागीच थांबते, चाक थांबत नाही. धोका दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगात गाडी थांबायला सुमारे 20 मीटर लागतात. ताशी 60 च्या वेगात जवळजवळ 40 मीटर. वेग दीडपट झाला आणि अंतर दुप्पट झाले. रस्ता दवाने ओला असेल, उसाची चिपाडे किंवा माती पडली असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

म्हणून दुचाकीस्वाराचे चार हात त्याच्या वेगाबरोबर लांबतात. दिव्याच्या उजेडात जेवढी जमीन स्पष्ट दिसते, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. धुक्यात दहा मीटरच दिसत असेल, तर वेगही चालणाऱ्याच्या वेगाजवळ आला पाहिजे. उजाडल्यावर निघण्याचा आणखी एक लाभ आहे. अंधारात दिव्याच्या झोताकडे कीटक धावतात आणि हेल्मेटच्या काचेवर आदळून मरतात. सूर्य वर आल्यावर तो झोत फिका पडतो आणि ही हिंसा पुष्कळ कमी होते. घरी आल्यावर काच पुसताना ती किती स्वच्छ निघते, हा ज्याचा त्याने पाहायचा ताळेबंद आहे.

त्याच वाटेवर चालणारे

या सगळ्या सावधगिरीला आपल्या समाजात एक अत्यंत गंभीर कारण आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वी, मुनी-आर्यिका पुन्हा विहाराला निघतात. नेमक्या याच सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. धुक्याचे दिवसही हेच. दुचाकीवरून फिरायला सर्वांत सुखाचा जो काळ, तोच अनवाणी चालणाऱ्या त्यागी जनांसाठी सर्वांत धोक्याचा. महामार्गांवर विहार करताना वाहनाची धडक बसून साधू-साध्वींचे देहावसान झाल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. हळहळ व्यक्त होते, गुणानुवाद सभा होतात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तशीच बातमी येते.

आपल्या गुरूंच्या हाती दिवा नसतो. वाहनाच्या वेगाचा अंदाज घेऊन बाजूला उडी मारणे त्यांच्या चर्येत नसते. त्यांना सांभाळणे हे वाहन चालवणाऱ्याचे काम आहे आणि तो वाहन चालवणारा पुष्कळदा आपणच असतो.

ठिकठिकाणचे तरुण आता विहारसेवेला जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी थोडे सुचवावेसे वाटते. चालणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने, येणारी वाहने समोर दिसतील असे चालावे. परावर्तक जाकिटे घातलेला एक सेवक संघाच्या पुढे आणि एक बराच मागे असावा. अगदी जवळ असलेला सेवक संरक्षण देत नाही, तोही त्याच धोक्यात सापडतो. दुचाकी घेऊन आलेल्या सेवकाने गाडी संघाच्या अगदी शेजारून चालवू नये; मागे अंतर ठेवून इशाऱ्याचे दिवे लावून यावे. विहाराचा मार्ग आणि वेळ आदल्या संध्याकाळी पुढच्या गावाला कळवावी. दाट धुके असेल, तर सूर्य वर येईपर्यंत थांबण्याची विनंती गुरूंना करण्यास संकोचू नये. आणि ज्यांचा विहारसेवेशी संबंध नाही, पण ज्यांची दुचाकी पहाटे रस्त्यावर असते, त्यांनी वाटेत संघ दिसल्यास वेग कमी करावा, दिव्याचा झोत खाली घ्यावा, हॉर्न न वाजवता अंतर राखून पुढे जावे आणि समोरून येणाऱ्या वाहनांना हाताने खूण करावी. एवढीही सेवाच आहे.

पहाटेच्या दुचाकीचे सुख टिकते ते या जागरूकतेमुळेच. ज्याचे डोळे रस्त्यावर आहेत, त्यालाच कृष्णेवरचे धुके दिसते आणि त्यालाच कडेने चालणारी पांढरी वस्त्रेही दिसतात. घरातील तरुण उद्या सकाळी किल्ली घेऊन निघेल, तेव्हा ‘सांभाळून जा’ एवढ्यावर त्याला निरोप देऊ नका. आज किती अंतर, किती वेग आणि वाटेत कोणाचा विहार आहे, हेही त्याला विचारा.